रिंगखालचा सोफा

मुलींच्या खेळाला प्रोत्साहन द्यायचं, तर सर्वांत आधी भक्कम स्टेज लागतं. खेळाडू काय, दरवर्षी नव्या येतात. प्रोत्साहन देणारे मात्र तेच असतात, आणि त्यांच्या कंबरा सांभाळाव्या लागतात.

हे ध्यानात ठेवूनच आमच्या संयोजन समितीने महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची तयारी केली. स्वागत, सत्कार, स्टेज, पुष्पगुच्छ, फोटो आणि फोटोत कोणी कुठे उभं राहायचं (ही वेगळी, मागच्या वर्षी फार रुसवेफुगवे झाले), अशा सगळ्या उपसमित्या नेमल्या. बास्केटबॉलसाठीही एक होती. तिचे एकमेव सदस्य रजेवर होते.

मान्यवर वाढले, तसं स्टेजही वाढलं. वाढत वाढत ते हॉलच्या एका टोकाकडून कोर्टात शिरलं आणि त्या बाजूची रिंग बरोबर प्रमुख पाहुण्यांच्या सोफ्यावर आली. सजावटवाल्याने तिला फुलांची माळ घातली. शोभा आली, यावर सर्वांचं एकमत झालं.

अंतिम सामन्याच्या दिवशी एका संघाची कप्तान अध्यक्षांकडे आली. उंचीमुळे सगळे तिला शिडी म्हणत. तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटचाच सामना. शिवणकाम करणारी तिची आई हातातले कपडे बाजूला टाकून, दोन बस बदलून, आयुष्यात पहिल्यांदा लेकीचा खेळ बघायला आली होती.

"सर, रिंगखाली सोफा आहे."

"हो, नवा आहे," अध्यक्ष समाधानाने म्हणाले.

"पण मग आम्ही खेळायचं कुठे?"

"अगं, उरलेलं सगळं कोर्ट तुमचंच आहे की! दोन्ही संघांनी मिळून पलीकडची एकच रिंग वापरा. घरात नाही का आपण एकच टीव्ही बघत?"

समोरच्या संघाची कप्तान शिडीशी वर्षभर बोलत नव्हती. ती आता शिडीच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "खेळू तर अख्ख्या कोर्टावर."

प्रश्न पंचबाईंकडे गेला. बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी निर्णय दिला, की स्टेज हलत नसेल तर त्यालाही कोर्टच धरावं लागेल, आणि कोर्टावर बसणाऱ्यांनी आपापल्या जबाबदारीवर बसावं. 'जबाबदारी' हा शब्द अध्यक्षांना फार आवडला. त्यांनी तो भाषणासाठी टिपून घेतला.

सामना आणि भाषणं एकदमच सुरू झाली. (वेळेची बचत.) पूर्वार्धात स्टेजच्या रिंगकडे एकोणीस फेकी झाल्या. त्यांपैकी आठ जाळीत, सहा मान्यवरांत आणि पाच चहात पडल्या. "मुलींनी उंच उडी घेतली पाहिजे!" असं प्रमुख पाहुणे म्हणत असतानाच एकीने ती घेतली. त्यानंतर ते चष्मा शोधून थेट गाडीत जाऊन बसले. बाकीच्यांनाही एकेक तातडीची कामं आठवली. मध्यंतरापर्यंत स्टेजवर अध्यक्ष आणि माइक एवढंच उरलं.

इकडे शिडीच्या आईला आमच्या स्वयंसेवकांनी तीन रांगांतून उठवलं होतं, कारण सगळ्या खुर्च्या राखीव होत्या. (ज्यांच्यासाठी राखीव होत्या, ते आलेच नव्हते, पण म्हणून काही त्या बिनराखीव होत नाहीत.) चौथ्यांदा उठवल्यावर शिडीच्या आईंनी स्टेजकडे पाहिलं. "तिथे तर रिकामंच आहे की," म्हणाल्या, आणि सरळ वर जाऊन रिंगखालच्या सोफ्यावर बसल्या.

उत्तरार्धात बाजू बदलल्या. आता स्टेजकडची रिंग शिडीच्या संघाला आली. सामना संपत आला तेव्हा समोरचा संघ एका गुणाने पुढे होता आणि अध्यक्ष आभारप्रदर्शनात मांडववाल्यापर्यंत पोचले होते. शिडीने बॉल पळवला, दोघींना चुकवलं आणि एका ढांगेत ती स्टेजवर चढली.

"सर, सरका!"

"आभार चालू आहेत, बेटा," अध्यक्ष माइकमधून म्हणाले.

मग ती त्यांच्या डोक्यावरूनच उडाली. बॉल रिंगवर जरा घुटमळला, माळेतली चार फुलं घेऊन जाळीतून खाली आला आणि आईच्या मांडीत पडला. शिट्टी वाजली. शिडीचा संघ एका गुणाने राष्ट्रीय विजेता झाला.

"आई, दिसलं का गं?" शिडीला धाप लागली होती.

"दिसलं म्हणजे? अंगावरच आलीस की!"

आईने बॉल पोटाशी धरला होता. पंचबाईंनी हात पुढे केला तरी ती देईना. स्टेजच्या कडेला समोरची कप्तान तोंड लपवून रडत होती. आईने तिलाही ओढून सोफ्यावर घेतलं. "बस गं इथे. तूही काही कमी पळाली नाहीस." शिडी दुसऱ्या बाजूला बसली आणि मग तीही रडायला लागली. अध्यक्षांना या बाईंचेही आभार मानावेसे वाटले, पण यादीत नाव नसल्याने इलाज नव्हता.

आढावा बैठकीत समितीने प्रामाणिकपणे मान्य केलं, की यंदाच्या गोंधळाचं मूळ खेळात होतं. म्हणून पुढच्या वर्षी संपूर्ण कोर्टावर स्टेज उभारण्याचं ठरलं आहे. त्यामुळे खुर्च्या भरपूर झाल्या असून समस्त क्रीडाप्रेमींना मान्यवर म्हणून बोलावत आहोत. तुमचंही नाव त्यात आहे. मग मुली खेळणार कुठे, असं तुम्ही विचारणारच होतात. आजवर ज्यांना ज्यांना कळवलं, तेही विचारणारच होते. फक्त आपली खुर्ची कितव्या रांगेत, हे त्यांनी आधी विचारलं.

तुमची पहिल्या रांगेत आहे. हं, तर तुम्ही काहीतरी विचारत होतात?