तुलनेचा नमुना

साठीनंतर माणसाचं कर्तृत्व रक्ताच्या रिपोर्टावरून ठरतं. निवृत्त हेडक्लार्कसाहेबांनी हे वेळीच ओळखलं होतं. कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी अकरा वर्षं एकही खाडा न करता घेतली (नोकरीत खाडे बरेच होते) आणि आकडा दोनशे ऐंशीवरून दीडशेवर आणला. कुणाशी ओळख झाली की आधी तो आकडा सांगत, नाव मागाहून.

अशा माणसाला विज्ञानाने हाक मारावी, यात नवल ते काय? इतकी वर्षं गोळी घेतल्यावर तांबड्या पेशींत काय फरक पडतो, याचा अभ्यास इस्पितळात निघाला आणि डॉक्टरीणबाईंनी साहेबांना बोलावलं. लगेच घरात सूचना निघाल्या : दारं आपटू नयेत, तक्रारी सांगू नयेत, साहेबांना राग येईल असं वागू नये (ही सूचना जुनीच, आता तिला शास्त्रीय आधार मिळाला).

"तुलनेला गोळी न घेणारं कुणीतरी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरातलंच असलं तर बरं. खाणंपिणं सारखं असतं."

"ही आहे ना," साहेब म्हणाले. "हिला काही होत नाही."

बायकोने साहेबांच्या फायली खाली ठेवल्या आणि हात पुढे केला.

आठवड्याने निकाल आला. साहेबांच्या पेशी ठीकठाक होत्या; इतर एकशे बारा जणांसारख्याच. तुलनेचा नमुना मात्र बाद.

"बाद?" साहेब ताडकन उठले. "हिनंच काहीतरी घोळ घातला असणार!"

"हिमोग्लोबिन सहा आहे," डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "बाई, तुम्ही वर आलात कशा?"

"जिन्यानं. लिफ्टमध्ये ह्यांना गर्दी नको होती."

"दम लागत नाही?"

"लागतो की. वर्ष झालं. आता सवय झालीय."

साहेब हळूच खाली बसले. "मला बोलली नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, तक्रारींनी बीपी वाढतं."

बायकोला त्याच दुपारी दाखल केलं. दोन बाटल्या रक्त चढलं. साहेब स्टुलावर बसून थेंब मोजत होते. मध्येच हिशेब चुकला, तेव्हा चष्मा काढून पुसावा लागला. त्यांचा स्वतःचा रिपोर्ट तपासणीच्या खोलीतच राहिला होता. आणायला ते गेले नाहीत.

बायको आता बरी आहे. अभ्यासही यथावकाश पुरा झाला. शेवटी एक तळटीप आहे : 'एक नमुना अपात्र ठरल्याने वगळला.'

वाचकहो, तुमचं कोलेस्टेरॉल तुम्हाला तोंडपाठ असेलच. आता घरातल्या दुसऱ्या कुणाचा एखादा आकडा सांगा पाहू. वजन नको, ते तुम्ही चारचौघांत सांगताच.