दादासो हवालदारांचं नवं घर

"या हवालदारसाहेब, या वैनी. घर कसं आरशावानी हाय बघा," असं म्हणत जोतीरामाने बाहेरची कडी काढली आणि दार ढकललं.

खरं तर त्याच्या खिशात घरमालक आप्पासोंनी दिलेली किल्ली होती आणि या दाराला कुलूपच नव्हतं. आपण येणार म्हणून आप्पासोंनी कुणाला तरी सांगून कुलूप काढून ठेवलं असेल, अशी त्याने समजूत करून घेतली. माधवनगरच्या त्या वसाहतीत चारही गल्ल्यांतली घरं एकाच मापाची, एकाच पिवळ्या रंगाची. बोलण्याच्या भरात जोतीराम एक गल्ली आधीच वळला होता, हे त्याच्या गावीही नव्हतं.

जोतीराम सांगलीत जागा-घरांची एजंटकी करायचा. मोकळ्या जागांवर नवा कायदा आल्यापासून धंद्याची घडीच विस्कटली होती. विकणारा भीत होता आणि घेणाऱ्याच्या हातात रोकड नव्हती. तेव्हा त्याने अदलाबदलीची शक्कल काढली. याचं घर त्याला, त्याचं रान याला. पलटणीतून निवृत्त झालेल्या दादासो हवालदारांना मुलीच्या कॉलेजसाठी सांगलीजवळ घर हवं होतं, आणि रहिमतपूरचं रानातलं घर ते बदल्यात द्यायला तयार होते. मिरजेला राहायला गेलेल्या आप्पासोंचं माधवनगरचं घर रिकामं होतं आणि त्यांना तसंच रानातलं घर हवं होतं. जोडी जमल्यातच जमा होती.

आत पाऊल टाकताच हवालदारांच्या पत्नी विजयमालाबाई थबकल्या. "आवं, हितं तर बाज हाय, भांडी हायत!"

जोतीरामाने भांड्यांवर नजर फिरवली. एजंटाने गिऱ्हाइकासमोर "मला माहीत नाही" म्हणायचं नसतं. "सामानासकट देत्यात," तो म्हणाला.

"शेगडी बी?"

"शेगडी बी."

हवालदार मागच्या दारी गेले आणि तिथूनच ओरडले, "आणि ही?"

परसात एक काळी शेळी बांधलेली होती. ती जोतीरामाकडे बघत राहिली.

"ती... ती बी आलीच त्यात."

"लय दिलदार मानूस म्हनायचा!" हवालदार भारावून म्हणाले.

विजयमालाबाईंनी पिशवीतून दुधाचा तांब्या काढला. त्यांचा एक नेम होता. दूध तापवायचं, आणि ते पूर्वेकडे उतू गेलं तरच ते घर आपलं. सांगलीतली दोन घरं या परीक्षेत नापास झाली होती. शेगडीत निखारे होतेच. आप्पासोंच्या तत्परतेचं जोतीरामालाही आता नवल वाटायला लागलं. दूध वर आलं आणि थेट पूर्वेकडे उतू गेलं. बाईंनी हात जोडले. वीस वर्षं नवऱ्याच्या मागे छावणीछावणीतून बिऱ्हाड हलवलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आवं, ठरलं. आता दुसरं घर बगायचं न्हाई."

हवालदारांनी लगोलग उंबऱ्यावर नारळ फोडला.

तेवढ्यात जोतीरामाने सहज एका टोपलीवरचं झाकण उचललं. आत भाकरी होती आणि ती गरम होती. आप्पासो तर महिनाभर मिरजेत. त्याने झाकण घाईघाईने परत ठेवलं.

"कोन रं तुमी?"

दारात साठीची एक बाई उभी होती, रंगुबाई. डोक्यावर पाल्याचा भारा, पायाखाली नारळाचं पाणी.

"आमी ह्या घरचं मालक," हवालदार ऐटीत म्हणाले. "तुमी कोन?"

रंगुबाईने भारा धाडकन खाली टाकला. "मी व्हय? मी मोलकरीन असंन मग!" आणि तिने दारामागची काठी उचलली.

जोतीराम मध्ये पडला. "आये, थांब! चूक माजी हाय. गल्ली चुकली."

हवालदार हळूहळू त्याच्याकडे वळले. "आणि शेळी?"

"शेळी बी तिचीच."

रंगुबाईने शेगडीकडं बघितलं, उंबऱ्याकडं बघितलं आणि काठी टाकून ती मटकन पायरीवर बसली. तिला हसू आवरेना. "चोर आलं तर भांडी नेत्यात. तुमी तर दूध तापवून नारळ फोडलासा! फोडलाय तर खावा आता."

विजयमालाबाई मात्र पदरात तोंड लपवून रडत होत्या. त्यांना खोबऱ्याचा तुकडा देत रंगुबाईने विचारलं, "गाव कंचं, बाई?"

"रहिमतपूर. रानातच घर हाय. पुढं हीर, मागं माळ."

"माळ?" रंगुबाईचा हात थांबला. "आनी शेजारी?"

"हाक मारली तर ऐकू जाईल, एवढ्यावर एक वस्ती हाय."

रंगुबाई खोबरं बाजूला ठेवून जवळ सरकली. मग आटपाडीकडच्या माळरानावर मेंढरांमागं गेलेला जन्म, लेकाची गिरणीतली नोकरी, त्याने हौसेनं बांधलेलं हे घर, असं सगळं तिने सांगितलं. लेक कोंडीबाला पुढे शिरवळच्या कारखान्यात काम लागलं आणि ती मागे एकटी राहिली. शेजाऱ्यांच्या तक्रारींपायी अकरा शेळ्यांची एक झाली.

"सगळं हाय बगा. फरशी हाय, नळ हाय. पर दार उगडलं की दुसऱ्याचं दारच दिसतंय."

"लेकाला सांगितलंस का, आये?" जोतीरामाने विचारलं.

"त्येनं पोटाला चिमटा काढून बांधलं. कुठल्या तोंडानं सांगू?"

या घराच्या बदल्यात रहिमतपूरचं घर, असं ठरत आलं, पण त्याला कोंडीबाचा होकार हवा होता. दुसऱ्या दिवशी चौघं एसटीने शिरवळला गेले. चूक निस्तरायची म्हणून तिकिटं जोतीरामाने काढली. कारखान्याच्या फाटकात आईला बघून कोंडीबाचा चेहराच उतरला. हवालदारांनी वरिष्ठांना द्यावी तशी माहिती दिली, जोतीरामाने चौरस फूट सांगितले, पण कोंडीबाला काही उमगेना. शेवटी रंगुबाईच पुढे झाली.

"पोरा, मला त्या घरात करमत न्हाई रं."

कोंडीबाने आईचा हात धरला. "मग मी इचारलं की 'लय झ्याक हाय' का म्हनायचीस?"

"तुला वाईट वाटंल म्हनून."

"आगं आये," कोंडीबा म्हणाला, "मला बी वाटायचं, तुला ते घर लय आवडतंय. न्हाईतर कवाच इकून हिकडं आनली असती तुला. रहिमतपुराला मी दर आयतवारी यीन की!"

महिन्याभरात अदलाबदलीचे कागद झाले. आप्पासो चार दिवस फुरंगटून बसले, मग जोतीरामाने शोधलेल्या कोरेगावच्या घरावर खूश झाले. विजयमालाबाईंनी घरभरणीला जोतीरामाला पहिल्या पंगतीत बसवलं. कोंडीबा तर खास रजा काढून आला आणि भर रस्त्यात त्याच्या पाया पडला. पंधरा वर्षं बिनचूक व्यवहार करताना कुणी आभाराचा शब्द काढला नव्हता. आता चुकीबद्दल एवढी माया मिळाल्यावर जोतीरामाला कुठं बघावं ते कळेना. त्याने वसाहतीचा नकाशा काढून घेतला आणि गल्ल्या पाठ करून टाकल्या.

पावसाळ्यानंतर रहिमतपूरच्या दवाखान्यातली नर्स सुलाबाई त्याच्या दुकानात आली. तिलाही सांगलीत घर हवं होतं. जोतीरामाने नकाशा पसरला. "काळजी सोडा, बाई. अगदी बरोबर पत्त्यावर नेतो. आता चूक व्हायची न्हाई."

सुलाबाईने पिशवी उचलली. "मग राहू द्या. रंगुबाई म्हणाली, त्यो मानूस चुकला तरच घर ब्येस गावतंय."

जोतीरामाने पाठ केलेल्या गल्ल्यांकडे एकवार पाहिलं. मग त्याने नकाशाची घडी घातली, खुर्ची पुढे केली आणि पंधरा वर्षांत कुठल्याच गिऱ्हाइकाला न विचारलेलं विचारलं.

"बसा, बाई. सध्या राहताय तिथं काय खुपतंय, ते आधी सांगा."