हेडाऊकाकांचा श्रीमंत क्लब

हेडाऊकाका रोज सकाळी पेपरशी भांडतात. आमच्या प्रताप नगरच्या बिल्डिंगमध्ये ते खाली आणि मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे मला गजर लावावा लागत नाही. "काहून? तुह्या घरचं जाऊन राहिलं का?" असा आवाज आला की समजायचं, पेपर आला. हा प्रश्न क्रीडा पानाला असतो. पान उत्तर देत नाही. मग काका उत्तर देणाऱ्या माणसाच्या शोधात जिना चढून माझ्याकडे येतात, आणि माझा चहा गार होतो.

भांडणाचा विषय एकच, विणकर क्लब. हातमागवाल्यांच्या वस्तीतला हा जुना फुटबॉल क्लब. काका त्याच वस्तीतले. तरुणपणी ते क्लबचे गोलकीपर होते. पुढे वीज खात्यातली नोकरी सांभाळून कोच झाले, सेक्रेटरी झाले आणि मॅचच्या आदल्या दिवशी जर्सी धुणारे धोबीही झाले. क्लबकडे कधी काही नव्हतंच. मग सावनेरकडे कोळशाच्या वाहतुकीत गब्बर झालेल्या एका शेठने क्लब घेतला आणि पैसा ओतायला सुरुवात केली. एसी बस आली, कोलकात्याचा कोच आला, परदेशी खेळाडू आले, खेळाडूंनी काय खायचं ते सांगायला एक बाई आल्या. त्याबरोबर नागपूरभर बोंब सुरू झाली की क्लब माजला, आता ट्रॉफीही दुकानातूनच आणा म्हणावं.

या सगळ्या नागपूरला काका एकटे पुरून उरतात.

पानठेल्यावर कोणी एसी बसचं नाव काढलं की संपलं. "आम्ही टेम्पोत कोंबून जात होतो. उतरलो का पाय आखडलेले. अर्धा डाव पाय मोकळे करण्यातच जाये. तवा कोणं लिहिलं नाही पेपरात." मागे एका तेरवीच्या जेवणात शेजारच्या पाटावरचे गृहस्थ म्हणाले, विणकरची टीम म्हणजे भाड्याची टीम. काकांनी हातातला लाडू पानात ठेवला. "तुमच्या पोराले कंपनीनं पगार वाढवून देल्ला तं तुम्ही पेढे वाटता. फुटबॉलवाल्याले देल्ला तं माज?" ज्याचे वडील गेले होते तो बिचारा वाढता वाढता मान खाली घालून उभा राहिला. त्याला वाटलं असावं, त्याच्या पगाराबद्दल चाललंय.

मी वाद घालून पाहिला. एवढा खर्च करून मागच्या मोसमात टीम उपांत्य सामन्यात आपटली, ती कॉलेजच्या पोरांकडून. मी म्हटलं, "काका, हे कसं काय?"

"पैसा मुरू दे ना गा. लोणचं घातल्या दिवशीच खातेत का?"

मी हात टेकले. खरं सांगतो, या माणसापुढे मला हताश वाटतं. कारण मला एक गोष्ट दिसत होती, जी ते दिसू देत नव्हते. शेठ आल्यापासून क्लबने काकांना एकदाही बोलावलं नव्हतं. नव्या गेटवरचा वॉचमन त्यांना पास मागतो. त्यावरही काकांचं ठरलेलं, "मोठ्या क्लबात नियम असतेत." सगळा जन्म जिथे घालवला तिथून एक साधी हाक यावी, एवढीच या माणसाची अपेक्षा. ती हाक काही येत नव्हती.

शेवटी त्यांनीच हाक मारायचं ठरवलं.

जुन्या विणकर क्लबात एक रीत होती. बाहेरगावचे खेळाडू, कोणी कुहीचा, कोणी कामठीचा, वस्तीतल्या घरी वार लावून जेवत. क्लब पगार देऊ शकत नव्हता, म्हणून वस्ती जेवू घालायची. हेडाऊंकडे शनिवार असे. काकू झणझणीत सावजी रस्सा करायच्या. रविवारी मैदानात ज्याच्या डोळ्यांतून पाणी येतंय तो काल हेडाऊंकडे जेवला, हे प्रेक्षकांनाही कळायचं. वाराचं आमंत्रण ना सेक्रेटरीला विचारून द्यायचं, ना कोचला. सरळ खेळाडूकडे जायचं आणि सांगायचं, शनिवारी ये.

काकांनी तेच केलं. खेळाडू राहतात त्या हॉटेलात गेले, आणि घानाहून आलेला सॅम्युएल नावाचा उंचापुरा गोलकीपर लॉबीत भेटला, त्याला जावयाला बोलवावं तसं बोलावून आले. "सामू हो म्हणला," त्यांनी मला सांगितलं. "तू ये. तुले इंग्रजी येते."

काकू जाऊन आता दोन-तीन वर्षं झाली, मुलगा बंगळूरला. काकांनी शनिवारी सकाळपासून स्वतः मसाला वाटला. बिल्डिंगचा जिना शिंकत होता. मी संध्याकाळी गेलो तेव्हा तीन ताटं मांडलेली होती आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसले होते.

आठच्या सुमाराला फोन आला. क्लबचा मॅनेजर होता. खेळाडूंना बाहेरचं खाणं चालत नाही, आणि यापुढे कृपया परस्पर हॉटेलात येऊ नये.

"बरोबर आहे जी," काका म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे वळले. "उद्या मॅच आहे. पोट बिघडलं तं? एवढा पैसा लावला त्याच्यावर."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, पुरे आता. लोक बोलतात ते खरं आहे. माज आलाय तुमच्या क्लबला."

मला वाटलं, आता माझ्या घरचं काय जातंय ते विचारतील. ते रश्श्याच्या पातेल्यावर झाकण नीट बसवत राहिले.

"क्लब बंद पडून राहिला होता, दिनेश. पोरं दुसऱ्या टीमात गेली होती. तुही काकू गेली त्याच साली. मीच गेलो होतो सावनेरले. शेठच्या ऑफिसात दिवसभर बसलो. पाया पडलो त्याच्या. माह्यापरीस लहान आहे तो."

"हे कोणाला माहीत आहे?"

"कोणालेच नाही. आता कोणत्या तोंडानं म्हणू का चुकून राहिला तो?"

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि त्यावर करण्यासारखं काही नव्हतं.

"क्लब जिता आहे ना गा," काका म्हणाले. "मले वळखत नाही, एवढंच."

मग त्यांनी फोन उचलला आणि त्याच मॅनेजरला लावला. निदान आता तरी दोन शब्द सुनावतील अशी मला आशा होती.

"तो पोरगा जेवला का?" काकांनी विचारलं. पलीकडचं उत्तर ऐकून घेतलं.

"जेवला म्हणते," ते मला म्हणाले, आणि तिसरं ताट उचलून आत नेऊन ठेवलं.