माळवदावरचा जमादार

गोदाजिजी भोपळ्यांना पटके बांधायची. लोक लेकरांना तीट लावतात, देवाला पागोटं चढवतात. भोपळ्याच्या डोक्याला पटका बांधणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

जिजी आमची शेजारीण. दोघींच्या परसात मधे एक कूड तेवढा. नवरा कधीच वारलेला. घरात ती, मुलगा रंगनाथ आणि परसातला भोपळ्याचा वेल. वेलाला ती भांडी घासल्याचं पाणी घालायची, चुलीतली राख घालायची, आणि घालता घालता त्याच्याशी बोलायची. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "जिजी, लेक लाडका का वेल?" तर म्हणाली, "येल कुटं पळून जात न्हाई बाई."

घाबरटपणात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. ती घुबडाला भ्यायची, टपालवाल्याला भ्यायची, अनोळखी कुत्र्यालाही भ्यायची. सगळ्यांत जास्त धाक फोडणीचा. मोहरी तडतडायच्या आत कढईवर झाकण पडायचं. "वास वेशीपतूर जातो. आपुन घरात हाव हे दुनियेला कशाला कळवायचं?" तिच्या हातचा दोडका खाताना माणूस बोटं चाटायचा, पण तेही तिला खपत नसे. "बिलकुल आवाज करू नका," ती कुजबुजायची.

एरवी आम्ही तिला हसायचो. त्या वर्षी मात्र हसायची सोय राहिली नाही. निजामाच्या राज्याचे ते शेवटशेवटचे दिवस होते. गावोगाव धाडी पडत होत्या. आष्टीच्या बाजाराला जाणं बंद झालं होतं. आळीतले तरणे पुरुष कुणी सरहद्दीपलीकडं गेले, कुणी डोंगरात. आमचे हेही गेले. रंगनाथ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला, आणि त्याची काहीच खबर नव्हती. मागे उरलो आम्ही बायका आणि गुडघ्यांनी दगा दिलेले माझे सासरे. दिवस कलला की पान हाललं तरी मी दाराकडं बघायची.

आमची भीती आम्हाला घरात कोंडून ठेवत होती. जिजीची भीती माळवदावर चढली. तिचं घर धाब्याचं, वर मातीचं सपाट माळवद. वेल त्यावर पसरला होता आणि यंदा भोपळे लागले होते दणकट. जिजीनं ते एकेक करून कडेला ओढून बसवले आणि त्यांना जुन्या धोतरांचे पटके बांधले. दिवेलागणीला पांदीतून बघणाऱ्याला वाटावं, कठड्याआड माणसं दबा धरून बसली आहेत. सगळ्यांत मोठ्या भोपळ्याला रंगनाथचा जत्रेतला लाल पटका मिळाला आणि जमादाराचा हुद्दा मिळाला.

मग जिजी अंगणात उभी राहून, तिला येत होती तेवढ्या उर्दूत ओरडायची, "जमादारसाब, नीचे आव! खाना तयार हाय!" आणि खाणारं कुणी नसताना दणादण भाकरी थापायची. पहिल्या दिवशी ती हाक ऐकून माझ्या हातातली कळशीच सुटली.

"अगं, घरात सरकारी शिपाई उतरलेत असं वाटलं पायजे," ती मला कुडाआडून म्हणाली. "मंग कोन येतंय इकडं?"

खरंच कुणी आलं नाही.

पितृपंधरवडा लागला. पितरांच्या पानात तांबड्या भोपळ्याची भाजी हवीच. आणि आमच्याकडं बाईनं अख्खा भोपळा कापायचा नाही. तो थोरल्या लेकासारखा मानतात. पहिली सुरी पुरुषानं घालायची, मग बायकांनी चिरायचा. आळीत पुरुष एकच उरलेला. माझे सासरे विळी घेऊन घरोघर हिंडू लागले, आणि गुडघे दुखतात हे विसरून मिशीवर हात फिरवू लागले. ज्या घरी ज्या दिवशी तिथी, त्या घरी जिजी एक भोपळा द्यायची. माळवदावरचे शिपाई रोज कमी होत गेले. जमादाराला मात्र तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

सर्वपित्री अमावस्येला सासरे तिच्या अंगणात आले. खाकरले. म्हणाले, "गोदाबाई, वाईट वाटून घेऊ नका. पोरगा गेल्ता त्याला महिना होत आला. ज्याची तिथी ठावं न्हाई, त्याचं आजच्या दिवशी करतेत. एक पान त्याच्या नावानं मांडा. मी कापून देतो."

ती टपालवाल्याला भिणारी बाई सासऱ्यांच्या समोर दारात आडवी उभी राहिली. "माझ्या लेकाला तिथी न्हाई. आन् हा भोपळा त्योच कापनार. जावा तुमी."

सासरे गेल्यावर तिनं मला हाक मारली. उद्या पुन्हा कुणी विळी घेऊन येईल ही तिला नवी भीती. आम्ही दोघींनी जमादाराला पटक्यासकट खाली उतरवलं आणि ज्वारीच्या कणगीत लपवलं. त्या संध्याकाळी माळवद मोकळं होतं. जिजीनं कुणाला जेवायला हाक मारली नाही. मला जवळ बसवून घेतलं आणि चूल न पेटवता अंधारात बसून राहिली.

एवढ्यात परसात पाचोळा वाजला.

कुत्रं असावं, असं मी मनाशी म्हणतेय तोच कूड करकरला. जिजीनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. पावलं मागच्या दाराशी येऊन थांबली. आज संपलं, एवढंच मनात आलं.

दाराच्या फटीतून आवाज आला, "माय... जमादार गेला का?"

जिजी उठली ती तोल जाऊन चुलीवरच आदळली. मी कडी काढली. रंगनाथ आत आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"कवाधरनं मागल्या जवारीच्या रानात बसून राह्यलोय," तो म्हणाला. "रोज वर शिपाई दिसून राह्यले. तू त्यान्ला जेवाया बोलवून राह्यलीस. म्हनलं, माझ्यापायी मायला धरून रांधाया लावलंय. आज वर कुनी न्हाई दिसलं, म्हनून आलो."

कणगीत हात घालून जिजीनं भोपळा बाहेर काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. "ह्यो तुजा जमादार. काप."

रंगनाथ त्या लाल पटक्याकडं बघतच राहिला. मग हसायला लागला. जिजीनं पदर तोंडात कोंबला आणि त्यातूनही तिचा हुंदका बाहेर आला. तिनं रोज भाकरी थापली होती, रोज मोठ्यानं हाक मारली होती, आणि तिचा लेक हाकेच्या अंतरावर उपाशी बसला होता.

त्यानं भोपळा कापला. तिनं चूल पेटवली, आणि मोहरी मनसोक्त तडतडू दिली. झाकण तिला आठवलंच नाही. पहाटे उजाडायच्या आत तो निघाला, लाल पटका बांधून.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला जिजी माळवदावर चढली. ज्वारीच्या शेताकडं तोंड करून ओरडली, "घरात कुनी न्हाई रे! मी एकलीच हाय!"

सासरे धडपडत बाहेर आले. "बाई, काय करून राह्यली! साऱ्या मुलखाला सांगती का?"

पाचोळा वाजला तरी ती दचकून मागं वळायची, खालून मला दिसायचं. तरी ती रोज वर चढली आणि रोज ओरडली.

पुढं राज्य गेलं. आमचे हे आले, रंगनाथही आला, तोही दिवसाढवळ्या. त्याचं लग्न झालं, घर नातवंडांनी भरलं. वेलावर दरसाल भोपळे येत राहिले, त्यांना पटके कुणी बांधले नाहीत. जिजीची आरोळी मात्र सुटली नाही. सून वैतागायची. "आत्याबाई, रोज एकली हाय म्हन्ता. मंग आमी काय भोपळे हाव?"

"तसं न्हाई गं माय," जिजी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची. "बाहीर कुनी थांबलं असंल तर?"