सफरचंदाच्या झाडावरचे खानोलकरकाका

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. मार्च महिना, भुरभुर पाऊस, आणि शेजारच्या घरातला एकाहत्तर वर्षांचा माणूस बॅक गार्डनमधल्या सफरचंदाच्या झाडावर बसून फांद्या वाकवत होता. वाकवलेल्या फांद्या एकमेकींत अडकवून तो त्यांवर आडवा होऊ पाहत होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वीस मिनिटं बघितलं. मग त्यांच्या मुलाला अ‍ॅबरडीनला फोन केला. "नितीन, घाबरू नकोस, पण बाबांचं काहीतरी बिनसलंय."

त्यांनाच जाऊन विचारायला हवं होतं. आमच्या मधलं कुंपण चार फुटांचं आहे.

खानोलकरकाका इथे, इंग्लंडातल्या मेडनहेडमध्ये, आमचे शेजारी. लहान मुलांचे डॉक्टर म्हणून त्यांची सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत झाली. ते निवृत्त झाले, वर्षभरात काकू गेल्या, आणि मग दर उन्हाळ्यात काका तीन महिने बोर्निओला जायला लागले. आई मारली गेलेली ओरांगउटान वानरांची पिल्लं तिथल्या एका केंद्रात वाढवतात आणि मोठी झाली की जंगलात सोडतात. काका ती पिल्लं तपासतात, एवढं मला ठाऊक होतं. पिल्लांना चढायला शिकवण्यासाठी तिथे डॉक्टरलाही झाडावर चढावं लागतं, हे ठाऊक नव्हतं.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. "जमिनीवर काय ठेवलंय?" ओरांगउटानचं पोर जमिनीवर रमलं की जंगलातून बाद, म्हणून तिथे दिवसभर हेच बजावायचं असतं. काका ते इकडेही बजावत. बसमध्ये खालची जागा रिकामी असली तरी वरच्या मजल्यावर जात. माझी बायको मेधा त्यांना "काका, गुडघे" म्हणाली, की उत्तर ठरलेलं.

दुसरी गोष्ट फळांची. हाउन्सलोच्या हॉलमधल्या गणपतीत एका वर्षी प्रसादाची फळं वाटायचं काम काकांकडे दिलं. त्यांनी प्रत्येक पोराच्या हातात आख्खं डाळिंब ठेवलं.

"काका, हा ओपन कशी करायचा?" इथेच वाढलेल्या एका मुलीने विचारलं.

"ते तू शोधायचं. आयतं सोलून दिलं की पोर बाद."

अर्ध्या तासात हॉलची सतरंजी लाल झाली. पुढच्या वर्षी काकांना चपला सांभाळायला बसवलं. "म्हणजे जमिनीवरच," ते म्हणाले.

आमच्याकडे कुणी शिंकलं की ते खिशातून मास्क काढून लावत. माणसाची सर्दी पिल्लाला झाली तर जीवावर बेतते, म्हणून ही सवय. मेधाच्या चकल्या खाण्याआधी तेल कोणतं ते विचारत. पाम तेलाच्या मळ्यांसाठी तिथलं जंगल तोडतात; ते तेल असलं तर बशी परत सरकवून म्हणत, "यात चिंगीचं घर गेलंय गं."

चिंगी म्हणजे त्यांची लाडकी. केंद्राच्या कागदांवर तिचं नाव वेगळं होतं. आली तेव्हा ती तान्ही होती आणि काकांच्या दंडाला दिवसभर चिकटून असायची. ओरांगउटान रोज संध्याकाळी झाडावर फांद्यांचं नवं अंथरूण करतो, आणि ते पोराला आई शिकवते. चिंगीला काकांनी शिकवायला घेतलं. "माझ्या घरट्यात ती बसलीच नाही," ते सांगत. "एका अंगाला कलत होतं. तिने बघितलं आणि दुसऱ्या झाडावर गेली." म्हणून मार्चमधला तो सराव.

माझ्या फोननंतर नितीन दुसऱ्याच दिवशी आला. काकांची स्मरणशक्ती तपासून झाली. शंभरातून सात-सात वजा करून दाखवल्यावर त्यांनी तपासणाऱ्या मुलीलाच तिच्या खोकल्याबद्दल दोन प्रश्न विचारले. डोकं ठणठणीत निघालं. पण नितीनने झाडावरचं ते घरटं पाहिलं होतं. त्याने शब्द घेतला: यापुढे झाडावर चढायचं नाही आणि यंदा बोर्निओ नाही. काकांनी शब्द दिला.

यंदाच चिंगीला जंगलात सोडणार होते.

सगळा उन्हाळा काका त्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. मी कुंपणापलीकडून हवापाण्याचं बोलायचो. फोन कुणी केला ते त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांनी हाक मारली. "सुहास, ये. चिंगी बघ." फोनवर छोटा व्हिडिओ होता. पिंजऱ्याचं दार वर गेलं, तांबूस केसांचं एक धूड बाहेर आलं, झाडावर चढलं आणि पानांत दिसेनासं झालं. बस. इतकंच.

"पाठ बघितलीस? एकदाही वळली नाही. शंभरपैकी शंभर." काकांनी व्हिडिओ पुन्हा लावला. "नितीन पहिल्यांदा घर सोडून गेला तेव्हा स्टेशनवर वळला नव्हता. मी चार दिवस नीट जेवलो नाही. मार्क किती पडले होते ते आत्ता कळतंय."

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. वर झाडावर मार्चमधलं घरटं अजून अर्धवट होतं.

"ते पुरं करू का?"

"तू? तुला जिना चढताना दम लागतो."

तरी चढलो. दोनदा घसरलो, कोपर खरचटलं. वर पोचून फांदी घट्ट धरली आणि खाली न बघता म्हणालो, "काका, नितीनला फोन मी केला होता. तुम्हाला एका शब्दाने न विचारता. माझ्यामुळे तुम्ही चिंगीला सोडायला जाऊ शकला नाहीत. मला माफ करा."



"ठाऊक आहे. इथून त्याला दुसरं कोण फोन करणार?" मग म्हणाले, "चार दिवस राहिला पोरगा. वरणभात करायचा. डावीकडची फांदी आधी आत घे, नाहीतर कलेल."

मी घेतली. तरी कललंच.

"उतरू का काका?"

"घाई काय आहे? जमिनीवर काय ठेवलंय?"

मी खाली बघितलं. काका खुर्चीतून उठून झाडापाशी आले होते आणि मी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी खोड धरून उभे होते.