आमसुलाच्या कॅप्सूल

"यंदा आंबा गोड आहे," असं साळवी सरांसमोर कधी म्हणू नये. ते चष्मा वर सरकवून विचारतात, "कशाच्या तुलनेत?" माझ्या लग्नात मामी म्हणाली, "नवरी छान आहे हो." तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मामी अजून त्यांचं नाव काढत नाही.

सरांनी रत्नागिरीत चौतीस वर्षं फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवलं. त्या मुलांत मी होतो आणि त्यांच्याच पेपरात दोनदा नापास झालो. आता मी मेडिकल चालवतो आणि गिऱ्हाइकं मला डॉक्टर म्हणतात. सर काउंटरपाशी उभे असले की मी ते ऐकू न आल्यासारखं करतो.

संशोधनाचं विचारलं तर ते स्वतःच सांगतात, "माझ्यामुळे एकही औषध बाजारात आलं नाही रे. चार यायच्या बेतात होती, ती थांबवली." निवृत्तीच्या सभेत प्राचार्यांनी त्यांना थोर संशोधक म्हटलं, तर हे शंका काढायला अर्धे उठले. त्यांच्या बायकोने, मालतीवहिनींनी, शर्टाचं टोक धरून खाली बसवलं.

वहिनी गेल्या आणि पुढच्याच वर्षी सरांनी घरी अभ्यास काढला. आमसुलाने पित्त खरंच शमतं का? पित्ताचा त्रास असलेली आठ माणसं धरली, त्यांत मी एक. चौघांना आमसुलाच्या पुडीच्या कॅप्सूल, चौघांना नुसत्या तांदळाच्या पिठाच्या. कुणाला काय, हे आम्हाला सांगायचं नाही. रोज चार वाजता त्यांच्या पडवीत कॅप्सूल गिळायची, नाडी दाखवायची, अर्धा तास बसायचं. वर चहा. पित्तावर चहा कसा चालतो म्हटलं, तर म्हणाले, "आठही जणांना सारखाच आहे. बिघडत नाही."

पंधरा दिवसांत माझं पित्त गेलं. मी ते सरांना सांगितलं, बायकोला सांगितलं, दुकानात खोकल्याचं औषध न्यायला आलेल्यांनाही सांगितलं.

सरांना धास्ती एकाच गोष्टीची होती. "माणसं गळली की अभ्यास मेला," म्हणायचे. आणि माणसं गळत गेली. दोघं खेडला मुलांकडे राहायला गेले, एकाला कंटाळा आला, एकीला सरांच्या घराकडची चढणीची घाटी चढवेना, बाकीचेही एकेक करून यायचे थांबले. शेवटी मी उरलो. बारा आठवड्यांचा अभ्यास वर्षभर लांबला. एकट्या माणसाची तुलना कुणाशी करतात, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. दोनदा नापास झालो ते उगाच नाही.

परवा बायको म्हणाली, "चारला उघडायचं दुकान पाचला उघडताय. पित्त गेलं ना? मग पुरे की आता." तिचं बरोबर होतं. आज सरांना सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच मी निघालो.

सर आत चहा टाकत होते. नोंदींची वही बाकावर होती. म्हटलं, माझी नाडी तरी बघू. उघडली.

'आठवडा बारा. दोन्ही गटांत फरक नाही. अभ्यास बंद.' खाली माझा क्रमांक आणि पुढे 'पीठ'. ज्या औषधाचा मी वर्षभर डंका पिटला, ते तांदूळ होते. स्वतःचंच हसू आलं. पान उलटलं, तर नोंदी पुढे चालूच होत्या.

'आला. चाळीस मिनिटं. मुलीच्या स्थळाबद्दल बोलला.'

'आला नाही. दुकानात गर्दी असेल.'

'आला नाही. दोन कप केले होते.'

'आला. आज मालतीला जाऊन दोन वर्षं झाली. त्याला बोललो नाही. तासभर बसला.'

तो दिवस मला आठवेना. मी नेहमीसारखी गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी सांगत बसलो असणार. फार लाज वाटली.

सर कप घेऊन दारात उभे होते. त्यांनी उघडी वही पाहिली.

"वाचलंस?"

"कुठलं सर! तुमचं अक्षर लागतं कुणाला?"

 सरांनी कप ठेवले, ते शेजारी बसले आणि माझं मनगट धरलं.

"जलद आहे रे आज."

"घाटी भरभर चढलो, सर."

सर मोजत राहिले. मिनिट झालं, दोन झाली. घड्याळाकडे ते बघतच नव्हते. मी हात काढून घेतला नाही.