चेहऱ्याची किरकोळ दुरुस्ती

बाबांनी ठरवलं होतं ते एवढंच, की ओठांची डावी कड चमच्याने जराशी वर करायची. तांदळाच्या दाण्याएवढी. याहून जास्त काही करायचा त्यांचा विचार नव्हता, हे ते आजही शपथेवर सांगतात. (सगळे आईबाप असंच सांगतात. पोरांच्या आयुष्यात त्यांना फक्त दाण्याएवढीच दुरुस्ती करायची असते.)

ओठ त्यांचे स्वतःचेच होते, पण मातीचे. लेकीने केलेले.

लेक कला महाविद्यालयात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला होती. बाबा लोकांना सांगताना "डिझायनिंगचं काहीतरी करते" असं सांगत. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर नाच आणि नाटकही शिकवतात हे कळल्यापासून तर त्यांनी कॉलेजचा विषय काढणंच सोडलं होतं. मात्र "पुढे काय?" हा प्रश्न ते न चुकता विचारत, आणि तोही जेवताना, कारण तेव्हा समोरच्याच्या तोंडात घास असतो आणि उत्तर येत नाही. स्वतः त्यांनी जन्मभर पाणीपट्टीच्या कचेरीत कारकुनी केली होती. तिथे पुढे काय, हा प्रश्न पडायची सोय नव्हती. पुढे निवृत्ती होती. ती झाली, आणि आता रिकामा वेळ आणि तयार सल्ले असं दोन्ही घेऊन ते घरात बसले होते.

शहरात एका मोठ्या शिल्पकाराचा स्टुडिओ होता. दरवर्षी शेवटच्या वर्षातलं एक पोर तो नोकरीला घ्यायचा, आणि निवड करायचा ती परीक्षेसाठी केलेलं व्यक्तिशिल्प बघून. बाबांनी अट घातली. ती जागा मिळाली तर जन्मभर माती कालव, मी चकार शब्द काढणार नाही. नाही मिळाली तर हे सगळं बंद, आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास. लेकीने एका दमात मान्य केलं. तिला आपल्या हातांची खात्री होती. बाबांच्या हातांचा विचार तिने केला नव्हता.

व्यक्तिशिल्पाला समोर बसणारा माणूस लागतो. लेकीने बाबांना विचारलं तेव्हा ते आधी नाही म्हणाले, मग कॉलेजात पोरासोरांसमोर बसणार नाही म्हणाले, आणि शेवटी घरी बसायला तयार झाले. म्हणून फिरता पाट, लोखंडी सांगाडा आणि मातीच्या गोण्या, सगळं घरच्या गॅलरीत आलं. पहिल्या दिवशी बाबा कोट घालून बसले. मान ताठ, नजर दूर, छाती पुढे. चौकातले पुतळे त्यांनी पाहिले होते, त्यामुळे आपल्याकडून काय अपेक्षा असते हे त्यांना माहीत होतं. लेकीने कोट काढायला लावला आणि म्हणाली, "रोज असता तसे बसा." बाबांना ते जमेना. आपण रोज कसे असतो हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

पण माणूस किती वेळ ताठ बसणार? थोड्या दिवसांनी ते विसरले, खांदे खाली आले, नजर कुंपणापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन पडली, आणि लेक हात चालवत राहिली. तिने त्यांना मातीकडे बघू दिलं नाही. काम झालं की ओलं कापड गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी.

मातीवरून प्लास्टरचा साचा घ्यायचा होता, त्याच्या आदल्या दुपारी लेक प्लास्टर आणायला कॉलेजात गेली. जाताना आईला बजावून गेली की कापड सुकू देऊ नका, मधूनमधून पाणी मारा, बाकी हात लावू नका. आईने ते बाबांना सांगितलं. बाबांनी त्यातलं पाणी मारण्याचं ऐकलं.

कापड काढलं आणि ते मागेच सरले.

समोर एक थकलेला म्हातारा होता. डोळ्यांखाली पिशव्या. गाल ओघळलेले. ओठांच्या दोन्ही कडा खाली, काहीतरी मागायचं होतं पण आता राहू दे म्हणणाऱ्या माणसाच्या असतात तशा. अपमान म्हणावा तर त्यात राग कुठे नव्हता. लेकीने जे दिसलं ते केलं होतं, आणि इतकं खरं केलं होतं की बाबांचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला. हे उद्या सगळं कॉलेज बघणार. तो मोठा शिल्पकार बघणार. लोक म्हणतील, या मुलीच्या घरी काय चालतं?

तेव्हा त्यांनी चमचा आणला.

डावी कड वर गेली आणि म्हातारा कुत्सित दिसायला लागला. म्हणून उजवी वर केली. उजवी जास्त झाली. डावी पुन्हा. मग गाल त्यात बसेना, म्हणून अंगठ्याने गाल चढवला. गाल चढल्यावर डोळा बारीक झाला. माती कडक लागत होती, म्हणून त्यांनी पाणी मारलं, सढळ हाताने. (कचेरीत त्यांनी लोकांचं पाणी तोडण्यात हयात घालवली होती. इथे अगदी उलट.) तेवढ्यात आई आली. ती ओरडेल असं कुणाला वाटेल. तिने पदर खोचला आणि मागे उभी राहून सूचना द्यायला लागली. नाक एवढं जाड नाही. कपाळावर केस थोडे वाढवा. हनुवटी, हां, जरा इकडे.

"हसताना मी कसा दिसतो?" बाबांनी विचारलं.

आई विचार करायला लागली. बाबा चमचा धरून थांबले. ती अजून विचार करत होती.

"अगं, कसा म्हणजे काय? गाल कुठपर्यंत येतो?"

"आठवत नाही हो," आई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादं भांडं कुठे ठेवलं ते आठवू नये, तशी ती बोलली.

दोघं आत गेली आणि लग्नाचा फोटो काढला. त्यात बाबा फोटोग्राफरवर उखडलेले होते. मग नातेवाइकांचे फोटो, सहलीचा फोटो, निरोप समारंभाचा फोटो. सगळीकडे तेच तोंड, फक्त केस कमी होत गेलेले. शेवटी बाबा आरशासमोर उभे राहिले आणि हसायचा प्रयत्न करू लागले. दात दिसले. गालही हलले. आईने बघितलं आणि हळूच म्हणाली, "राहू द्या."

दोघं गॅलरीत परत आली तेव्हा पाण्याने आपलं काम केलं होतं. चेहरा सांगाड्यावरून सावकाश खाली उतरत होता, एखादा माणूस खुर्चीतून उठावा तसा, शांतपणे. बाबांनी दोन्ही हात पुढे केले. तो त्यांच्या ओंजळीत आला.

लेक दारात आली तेव्हा बाबा तसेच उभे होते, स्वतःचा चेहरा हातात घेऊन. तिने प्लास्टरची पिशवी खाली ठेवली. आईने सांगून टाकलं की यांनी फक्त जरा हसरं करायला घेतलं होतं.

"मॉडर्न म्हणून चालणार नाही का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग पुन्हा कर. मी बसतो. अजिबात हलत नाही."

तिने त्यांच्या ओंजळीतली माती घेतली, मळली आणि सांगाड्यावर चढवायला सुरुवात केली. तिला रडायलाही फुरसत नव्हती. बाबा खुर्चीत बसले. आणि इथे नशिबाने त्यांची खरी थट्टा केली. आरशासमोर मागून जे मिळालं नव्हतं, ते आता तोंडावर येऊन बसलं. ओशाळं, लाचार, साहेबासमोर चूक सापडलेल्या कारकुनाचं हसू. ते जाईचना.

"बाबा, तुम्ही हसताय."

"छे गं, कुठे?"

"हसताय. मला आधीचा चेहरा हवाय."

बाबांनी ओठ मिटले, गाल चावले, दुःखाच्या गोष्टी आठवल्या. ऐन वेळी एकही कामाला आली नाही. उजेड जाईपर्यंत ती झगडली. मग तिने कोरणी खाली ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "तो माणूस गेला."

जे उतरलं होतं तेच तिने परीक्षेला मांडलं, आणि परीक्षकांनी तिला पास केलं. स्टुडिओतली जागा आपल्या आजीचं डोकं करणाऱ्या एका मुलाला मिळाली. (त्याच्या आजीला ऐकू येत नव्हतं आणि चमच्यापर्यंत हात पोचत नव्हता. कलेला असे वडीलधारे लागतात.) बाबांनी मोठ्या मनाने सांगितलं की अट सोड, क्लासचं मी काही म्हणत नाही. लेक म्हणाली, "तुम्ही शब्द घेतला होता, मी दिला होता." ती क्लासला गेली. बँकेच्या परीक्षेत नापास झाली, तीही शांतपणे. मग तिने आपणच एक नोकरी शोधली. कपड्यांच्या दुकानांत उभे करतात ते पुतळे बनवण्याच्या कारखान्यात.

बाबा हरखले. शेवटी पुतळेच ना! ते आता कॉलेजचं नाव घ्यायला लागले, कुणी विचारलं नाही तरी. लेक सकाळी जायची, संध्याकाळी केसांत पांढरी धूळ घेऊन यायची आणि जेवून झोपायची. गॅलरीतला पाट आईने कपडे वाळत घालायच्या दोरीखाली सरकवला. हल्लीच्या पुतळ्यांना नाकडोळे नसतात. गिऱ्हाइकाने तिथे स्वतःला कल्पावं म्हणून, असं मालक म्हणतो. खरं कारण, नाकडोळे करायला माणूस लागतो.

एक दिवस लेक घरी येऊन म्हणाली की जाड्या माणसांच्या कपड्यांच्या दुकानाची ऑर्डर आहे, पोट सुटलेल्या प्रौढ माणसाचा साचा घ्यायचाय, याल का? बाबांना गहिवरून आलं. पोरीने माफ केलं, असं त्यांनी धरून चाललं. ते तडक न्हाव्याकडे गेले. दाढी गुळगुळीत केली, केस काळे केले, कानांतले केसही काढून घेतले. सकाळी आरशासमोर उभे राहून त्यांनी चेहरा अगदी आधीसारखा करून बघितला. थकलेला, ओघळलेला. या वेळी जमला. तो तसाच सांभाळत ते कारखान्यापर्यंत गेले, वाटेत कुणाशी बोललेसुद्धा नाहीत.

लेकीने त्यांना स्टुलावर उभं केलं, शर्ट काढायला लावला आणि हनुवटीखाली एक पट्टी बांधली.

"ही कशाला?"

"इथून खाली घ्यायचंय. डोकं नकोय, बाबा. डोक्याला मागणी नाही."

तिने गार प्लास्टरमध्ये भिजवलेली पट्टी त्यांच्या छातीवर ठेवली. तिचे हात सरावाने चालत होते आणि ती त्यांच्या तोंडाकडे एकदाही बघत नव्हती. तो चेहरा मात्र त्यांनी काम संपेपर्यंत धरून ठेवला.

पुतळा दुकानाच्या काचेत लागला त्या रविवारी तिघं बघायला गेली. मानेपाशी सफाईने कापलेला, निळा शर्ट घातलेला, बटणं ताणलेली. लेकीने एकदा बघितलं आणि एवढंच म्हणाली, "डावा खांदा बरा आलाय." मग ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

आई मात्र काचेला नाक लावून बघत होती. वरून खाली, खालून वर. इतक्या वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याकडे असं कधी पाहिलं नसेल.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "हे मात्र हुबेहूब तुम्ही."